इझाकायातली संध्याकाळ: लाल कंदिलापासून शेवटच्या भातापर्यंत

जपानमध्ये नोकरीला आलेला मराठी माणूस पहिल्या आठ-दहा दिवसांतच सहकाऱ्यांबरोबर इझाकायात, म्हणजे पिण्याबरोबर छोटे छोटे पदार्थ देणाऱ्या जपानी दुकानात, जातो आणि पुष्कळदा अर्धपोटी परततो. अन्नाला तिथे तोटा नसतो, पण तो ताटाची वाट पाहत असतो आणि इझाकायात ताट कधी येत नाही. छोट्या बश्या येतात, एकेक करून, दोन तास. भात अगदी शेवटी, तोही मागितला तर. माझंही असंच झालं होतं. पुढे आई-बाबा टोकियोला राहायला आले. बाबा माळकरी, आईला मासे चालतात. त्यांना इझाकायात नेण्याआधी मी घरीच बसून त्या संध्याकाळचा सगळा क्रम समजावून सांगितला, आणि आम्ही तिघं तिथे दोन तास मजेत बसलो. तोच क्रम इथे लिहितो आहे.

आधी शब्दाकडे पाहू. ‘इ’ म्हणजे बसणं, मुक्काम करणं. ‘साकाया’ म्हणजे साके, अर्थात तांदळाची दारू, विकणारं दुकान. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लोक दुकानातून साके मोजून घरी नेत. काही दुकानदार तिथेच बसून पिऊ देऊ लागले आणि सोबत काहीतरी खायलाही ठेवू लागले. टोकियोच्या कान्दा भागातल्या तोशिमाया या दुकानाचं नाव या संदर्भात हमखास निघतं. त्याची सुरुवात १५९६ सालची सांगतात. तिथे साकेबरोबर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) लावून भाजलेला तोफू, म्हणजे देन्गाकु, मिळत असे. एदो शहरात, म्हणजे तेव्हाच्या टोकियोत, कामासाठी आलेले एकटे पुरुष पुष्कळ होते, त्यामुळे अशी दुकानं वाढली. आपल्या गिरणगावात खानावळी वाढल्या त्याही एकट्या पुरुषांसाठीच. फरक एवढाच की खानावळीत माणूस जेवायला जाई आणि इझाकायात बसायला. म्हणून इझाकायातल्या प्रत्येक पदार्थाकडे ‘तोंडी लावणं’ म्हणून पाहा. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

दुकान निवडताना

दारात लाल कागदी कंदील टांगलेला दिसला की ते इझाकाया समजावं. जपानीत त्या कंदिलाला ‘आकाचोचिन’ म्हणतात आणि हेच नाव साध्या, स्वस्त दुकानांनाही लागतं. दारावरचा कापडी पडदा म्हणजे ‘नोरेन’. तो बाहेर टांगलेला असेल तर दुकान उघडं आहे, आत काढून घेतला असेल तर बंद. बहुतेक दुकानं संध्याकाळी पाचच्या सुमारास उघडतात. शुक्रवारी सात ते नऊ जागा मिळणं कठीण जातं. डिसेंबरात तर ‘बोनेनकाइ’ असतात, म्हणजे सरत्या वर्षाला निरोप देणाऱ्या कचेऱ्यांच्या मेजवान्या, त्यामुळे आधी जागा राखून ठेवल्याशिवाय चार जणांनी निघूच नये. पहिल्यांदा जाणार असाल तर मंगळवार-बुधवारी साडेपाचला जा. दुकान शांत असतं आणि वाढणाऱ्यांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

कुठे जावं? टोकियोत शिम्बाशीला कचेरीतून सुटलेल्या लोकांची दुकानं आहेत. युराकुचोला रेल्वेच्या कमानींखालची आहेत, तिथे डोक्यावरून गाडी गेली की पेले थरथरतात. शिंजुकूला ओमोइदे योकोचो नावाची अरुंद गल्ली आहे, एकेका दुकानात जेमतेम आठ-दहा माणसं मावतात. ओसाकाला शिन्सेकाइ आणि तेन्मा. या गल्ल्या मला मनापासून आवडतात, पण पहिल्या संध्याकाळसाठी मी त्या सुचवणार नाही. तिथे मेनू भिंतीवरच्या हाताने लिहिलेल्या कागदी पट्ट्यांवर असतो, किंमत कधी लिहिलेली असते, कधी नसते, आणि आपण दोघं-तिघं बसलो की अर्धं दुकान भरतं. आधी एखाद्या साखळी दुकानात सराव करावा.

साखळी दुकानांत मी नवख्यांना तोरिकिझोकुकडे पाठवतो. १९८५ साली ओसाकाच्या शेजारी हिगाशिओसाकात हे सुरू झालं. काड्यांवर भाजलेली कोंबडी, म्हणजे याकितोरी, ही त्यांची खासियत. जवळपास सगळ्या पदार्थांचा आणि पेयांचा भाव एकच असल्यामुळे बोटांवर मोजत हिशेब करता येतो. एका बशीत दोन काड्या येतात, म्हणजे दोघांत वाटायला सोयीचं. मेनूत फोटो असतात. मासे आवडणाऱ्यांनी इसोमारु सुइसानसारख्या ठिकाणी जावं, तिथे टेबलावरच्या छोट्या शेगडीवर शिंपले आणि मासे आपणच भाजून खायचे असतात.

एक सूचना मात्र कळकळीने. टोकियोतल्या काबुकिचोसारख्या भागात रस्त्यावर मुलं पुढे येतात, ‘आत्ता जागा आहे, इतक्या येनमध्ये हवं तेवढं प्या’ म्हणून सोबत चालू लागतात. त्यांच्यामागे कधीही जाऊ नका. असं गिऱ्हाईक ओढण्यावर तिथे बंदी आहे आणि भोंग्यावरून सारखा इशाराही दिला जातो. माझ्या ओळखीचे तिघे अशाच एकामागे गेले होते. बिलात बसण्याचे पैसे, सेवेचे पैसे, आठवड्याअखेरीचे पैसे अशा ओळी वाढत गेल्या आणि ठरल्याच्या तिप्पट रक्कम मोजून ते बाहेर पडले. चांगल्या दुकानाला रस्त्यावर माणूस उभा करावा लागत नाही.

दारात

पडदा हाताने बाजूला करून आत शिरलात की चारी बाजूंनी ‘इराश्शाइमासे!’ अशी आरोळी येते. तिला उत्तर द्यायची गरज नसते, हसून मान लववली की पुरे. मग विचारतात, ‘नान्मेइसामा देस का?’, म्हणजे किती जण. बोटं दाखवा, किंवा दोघं असाल तर ‘फुतारी देस’, तिघं असाल तर ‘सान्निन देस’ म्हणा. बसायला कुठे आवडेल तेही विचारतील. ओट्यापुढच्या खुर्च्यांना काउंटर म्हणतात. एकटे किंवा दोघं असाल तर तिथेच बसा, कारण निखाऱ्यांवर काड्या फिरवणारा माणूस समोर दिसतो आणि काय मागवावं हे शेजाऱ्याच्या बशीकडे बघून कळतं. ‘झाशिकि’ म्हणजे तातामी चटयांवरची बैठक. ‘होरिगोतात्सु’ दिसायला तशीच, पण टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांसाठी होरिगोतात्सु किंवा सरळ ‘तेबुरु’, म्हणजे टेबल-खुर्ची, मागून घ्या.

चटईच्या जागी बूट काढावे लागतात. बूट छोट्या लाकडी कपाटात ठेवायचे आणि लाकडी पट्टीसारखी किल्ली काढून जपून ठेवायची. मोजे धुतलेले आणि न फाटलेले असावेत, एवढं घरून निघतानाच पाहावं. शौचालयाच्या दारात वेगळ्या सपाता असतात, त्या आतच सोडून यायचं.

धूम्रपानाबद्दलही आधी विचारून घ्या. एप्रिल २०२० पासून जपानमध्ये खाणावळींच्या आत धूम्रपानाला बंदी आहे, पण जुन्या छोट्या दुकानांना सूट असल्यामुळे दारावरची पाटी पाहावी लागते. लहान मूल बरोबर असेल तर हे पाहाच. लहान मुलांना घेऊन संध्याकाळी लवकर साखळी दुकानात गेलात तर शेजारच्या टेबलावरही बहुधा एखादं कुटुंब बसलेलं दिसेल. गल्लीतल्या दुकानात बाबागाडी शिरणारच नाही.

बसल्या बसल्या

गरम किंवा गार ओला रुमाल येतो, ‘ओशिबोरि’. तो हात पुसायला असतो.

त्यानंतर न मागता एक छोटी वाटी येते. तिच्यात उकडलेला पालक, मुरवलेला मुळा, शिजवलेला मासा, काहीही असू शकतं. ही ‘ओतोशि’. ओसाकाकडे हिला ‘त्सुकिदाशि’ म्हणतात. माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. आपली माणसं इथे हटकून अडतात: ‘आम्ही मागवलंच नव्हतं!’ तक्रार समजण्यासारखी आहे, पण ओतोशिकडे जागेचं भाडं म्हणून पाहिलं तर राग येत नाही. पहिला पदार्थ तयार होईपर्यंत हातात काहीतरी असावं हा तिचा खरा उपयोग. चांगल्या दुकानात ओतोशिवरून स्वयंपाक्याचा हात कळतो, म्हणून मी ती लक्ष देऊन खातो. बाबांसारखी शाकाहारी माणसं बरोबर असतील तर बसल्या बसल्याच विचारा, कारण ओतोशित मासा असण्याचा संभव मोठा. काही दुकानं ती बदलून देतात, काही नाही. तोरिकिझोकुत ओतोशि नसते, नवख्यांना तिथे पाठवण्याचं हेही एक कारण.

रुमालाबरोबरच पेय विचारतात. इथे मेनू चाळत बसायचं नाही. ‘तोरिआएझु बीरु’ हे वाक्य सगळ्या जपानभर चालतं. त्याचा अर्थ, सध्यापुरती बिअर आणा, पुढचं मग पाहू. सगळ्यांनी एकच पेय सांगितलं की ती पटकन येते. सगळ्यांचे पेले येईपर्यंत कोणीही घोट घेत नाही. मग ‘कान्पाइ!’ म्हणून पेले टेकवायचे. साहेबांचा पेला आपल्यापेक्षा किंचित वर असू द्यावा.

दारू पीत नसाल तर अजिबात संकोच करू नका. ‘ऊरोन्चा’, म्हणजे बर्फ घातलेला उलाँग चहा, मागवा. त्याच्या पेल्यानेही कान्पाइ होतं आणि कोणी कारण विचारत नाही. ‘नोन्आरु’ म्हणजे बिनदारूची बिअर, ती जवळपास सगळीकडे मिळते. विद्यार्थ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावं: एप्रिल २०२२ पासून जपानमध्ये सज्ञान होण्याचं वय १८ झालं, पण दारूचं वय अजून २० आहे. ओळखपत्र मागितलं तर पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड दाखवावं लागतं.

पुढची पेयं

हायबॉल म्हणजे व्हिस्की आणि सोडा. तळलेल्या पदार्थांबरोबर याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही असं माझं मत आहे. ‘चूहाइ’ किंवा ‘सावा’ म्हणजे शोचू, सोडा आणि फळाचा रस. लिंबाचा सावा घ्या, तो फसत नाही. शोचू ही ऊर्ध्वपातित दारू. रताळ्याची ‘इमो’, बार्लीची ‘मुगि’. पाण्याबरोबर ‘मिझुवारि’, गरम पाण्याबरोबर ‘ओयुवारि’. जुन्या दुकानांत ‘होप्पी’ दिसेल. १९४८ पासून मिळणारं हे बिअरच्या चवीचं, नावापुरती दारू असलेलं पेय आहे. पेल्यात शोचू आणि बर्फ देतात, बाटली वेगळी देतात, मिसळायचं आपण. शोचू संपली की ‘नाका’ मागायची, बाटली संपली की ‘सोतो’. आतलं आणि बाहेरचं, असा त्या शब्दांचा अर्थ.

साके मागताना तापमान सांगावं लागतं. थंड केलेली ‘रेइशु’, गरम केलेली ‘आत्सुकान’, कोमट ‘नुरुकान’. ‘हिया’ या शब्दाचा अर्थ थंड, पण रिवाजाने ती खोलीच्या तापमानाची साके. हा घोळ नेहमी होतो. माप ‘गो’मध्ये, एक गो म्हणजे १८० मिलिलिटर. कधी लाकडी चौकोनी पेटीत पेला ठेवून तो ओसंडेपर्यंत साके ओततात. सांडलेली पेटीतली साकेही आपलीच, पेला थोडा रिकामा झाला की ती त्यात ओतून घ्यायची. अधूनमधून ‘ओमिझु कुदासाइ’ म्हणून पाणी मागत राहा, ते फुकट असतं.

बाटलीतून ओतायचं असेल तर आपण दुसऱ्याला ओततो, दुसरा आपल्याला. आपला पेला आपणच भरला तर शेजारी ओशाळतो. कोणी ओतत असेल तर पेला दोन्ही हातांनी धरून पुढे करा. आणखी नको असेल तर पेला भरलेलाच राहू द्या, मग कोणी ओतत नाही.

‘नोमिहोदाइ’ म्हणजे ठरावीक पैशांत, ९० किंवा १२० मिनिटं, हवं तेवढं प्या. बहुतेक दुकानांत टेबलावरच्या सगळ्यांनी ते घ्यावं लागतं आणि शेवटची मागणी वेळ संपायच्या अर्धा तास आधी घेतात. त्यामुळे घेण्याआधी हिशेब करा. समजा नोमिहोदाइ २,००० येनला आहे आणि बिअरचा पेला ६०० येनला, तर माणशी चौथा पेला येईपर्यंत फायदा सुरू होत नाही. चौघांत एक जण न पिणारा असेल तर मी ते घेत नाही.

मागवण्याचा क्रम

सगळ्या संध्याकाळचं मर्म इथे आहे. एका वेळी दोन किंवा तीन बश्या मागवा, त्या संपत आल्या की पुढच्या. एकदम दहा पदार्थ सांगितले तर स्वयंपाकघर जे जसं तयार होईल तसं पाठवतं. तळण गार होतं, साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, कोमट होते आणि टेबलावर बशी ठेवायला जागा उरत नाही. सगळं मधे ठेवून वाटून खायचं असतं. प्रत्येकासमोर ‘तोरिझारा’ नावाची छोटी रिकामी बशी असते, तीत थोडं थोडं घ्या.

बोलवायचं कसं? टेबलावर बटण असेल तर ते दाबा. स्क्रीन असेल तर तीवर भाषा बदलता येते. हल्ली पुष्कळ ठिकाणी टेबलावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करून मागवावं लागतं. यातलं काहीच नसेल तर हात वर करून मोठ्याने ‘सुमिमासेन!’ म्हणा. मोठ्याने म्हणजे खरंच मोठ्याने. आपण परक्या देशात दबून बोलतो आणि त्या गलक्यात ते कोणाला ऐकूच जात नाही. हाक मारणं इथे उद्धटपणाचं नाही.

पहिल्या फेरीत लगेच येणारे पदार्थ घ्या. ‘एदामामे’ म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या मीठ घालून उकडलेल्या शेंगा. आपण उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खातो तशाच दाणे तोंडात पिचकायचे आणि टरफलं बाजूच्या वाटीत. ‘हियायाक्को’ म्हणजे गार तोफू, ‘हियाशि तोमातो’ म्हणजे गार टोमॅटोच्या फोडी. पोटॅटो सॅलड तर प्रत्येक दुकानाचं वेगळं असतं आणि जपानी लोक त्यावरून दुकानाची पारख करतात.

दुसऱ्या फेरीत साशिमी, खात असाल तर. ‘मोरिआवासे’ म्हटलं की त्या दिवशीचे तीन किंवा पाच प्रकारचे मासे एका बशीत मांडून येतात. फळ्यावर खडूने लिहिलेलं काही दिसलं तर ते त्या दिवसापुरतं असतं. ‘ओसुसुमे वा?’ म्हणजे तुम्ही काय सुचवाल, एवढं विचारलं तरी वाढणाऱ्याचा चेहरा खुलतो.

तिसऱ्या फेरीत भाजलेलं आणि तळलेलं. याकितोरीच्या यादीत ‘मोमो’ म्हणजे मांडी, ‘नेगिमा’ म्हणजे मांडीचे तुकडे आणि मधे पातीच्या कांद्याचे दांडे, ‘त्सुकुने’ म्हणजे खिम्याचे गोळे, ‘कावा’ म्हणजे कातडी. आपल्याकडचा कलेजी-पेठा ज्यांना आवडतो त्यांनी ‘रेबा’ आणि ‘सुनागिमो’ सोडू नये. सुनागिमो, म्हणजे पेठा, निखाऱ्यावर भाजल्यावर असा कुरकुरीत लागतो की मी दर वेळी तोच आधी मागवतो. ‘शिओ’ की ‘तारे’ असं विचारतात. शिओ म्हणजे नुसतं मीठ, तारे म्हणजे गोडसर सोया सॉसचा लेप. पेठा, कातडी मिठाची, कलेजी आणि त्सुकुने तारेची, हे माझं ठरलेलं. जेवण फिकं वाटलं तर टेबलावरची ‘शिचिमि’ भुरभुरा, ती सात जिनसांची तिखट पूड असते. खाऊन झालेल्या काड्या टेबलावरच्या उभ्या भांड्यात टाकायच्या.

‘कारआगे’ म्हणजे तळलेली कोंबडी. तिच्याबरोबर लिंबाची फोड येते. सगळ्यांच्या वाटणीवर ती न विचारता पिळू नका. यावरून जपानी माणसांत खरोखरीचे वाद होतात.

ओसाकात असाल तर ‘कुशिकात्सु’ हवंच, काडीला लावून तळलेलं मांस आणि भाज्या. शिन्सेकाइतलं दारुमा हे दुकान १९२९ पासूनचं. समाईक सॉसच्या भांड्यात काडी एकदाच बुडवायची, चावा घेतलेली काडी पुन्हा नाही. उष्टं म्हणजे काय हे आपल्याला शिकवावं लागत नाही. कोरोनानंतर बऱ्याच दुकानांनी भांड्याऐवजी सॉसची बाटली ठेवली आहे.

चॉपस्टिक्सबद्दल दोनच गोष्टी पाळा. त्या भातात उभ्या खोवून ठेवू नयेत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये. भातात उभ्या काड्या मृताच्या नैवेद्यात असतात आणि काड्यांनी काड्यांत देणं हे दहनानंतर अस्थी उचलताना करतात. आपल्याकडेही अशा खुणा आहेत, म्हणून हे सांगितल्यावर आई लगेच म्हणाली, ‘हे मी विसरणार नाही.’

बशीत शेवटचा एक तुकडा उरतो आणि कोणीच उचलत नाही. ओसाकाकडे त्याला ‘एन्र्यो नो कातामारि’ म्हणतात, संकोचाचा गोळा. ताटलीतली शेवटची भजी तशीच ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हा शब्द फार जवळचा वाटतो. वयाने मोठ्या माणसाला आग्रह करा आणि तो घेत नसेल तर विचारून आपण खा.

शेवटी ‘शिमे’, म्हणजे समारोपाचं खाणं. भाताचा सोया सॉस लावून भाजलेला मुटका ‘याकि-ओनिगिरि’, भातावर गरम चहा किंवा रस्सा ओतलेला ‘ओचाझुके’, नूडल्स. आपल्याला पोट भरल्याचं समाधान इथे मिळतं, म्हणून याच्यासाठी जागा ठेवा. तोरिकिझोकुतला कोंबडीचा कामामेशी, छोट्या हंडीतला भात, घ्यायचा असेल तर अर्धा तास आधी सांगून ठेवा, तो टेबलावरच शिजतो.

शाकाहारी माणसाबरोबर

‘बेजितारियन’ हा शब्द वापरून थांबू नका. तो ऐकून मांस वगळतील, पण मासा आणि माशाचा अर्क वगळतीलच असं नाही. अडचण ‘दाशि’ची आहे. वाळवून धुरावलेला कात्सुओ मासा आणि कोंबु हे समुद्री शेवाळ यांचं हे पाणी मिसो सूपात, रस्सेदार भाज्यांत, आगेदाशि या तळलेल्या तोफूत, ‘दाशिमाकि’ या अंड्याच्या वळकटीत, सॅलडवरच्या सॉसमध्ये, लोणच्यातही असतं. ते दिसत नाही आणि बनवणाऱ्याच्या लेखी तो मासा नसतो, चव असते. तोफूवर आणि भाजलेल्या वांग्यावर पातळ तपकिरी पापुद्रे हलताना दिसतात ते ‘कात्सुओबुशि’, त्याच माशाचा कीस. पोटॅटो सॅलडमध्ये हॅम असतं, कोरोक्के या बटाट्याच्या पॅटिसमध्ये बहुधा खिमा, शतावरीची काडी बेकनमध्ये गुंडाळलेली. तळणाचं तेल सगळ्याला एकच.

हे वाक्य फोनवर जपानी लिपीत लिहून ठेवा आणि दाखवा: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देस.’ मांस आणि मासे मला खाता येत नाहीत, कात्सुओची दाशिही चालत नाही. गोमांस किंवा डुकराचं मांसच तेवढं टाळायचं असेल तर ‘ग्यूनिकु’ आणि ‘बुतानिकु’ हे शब्द पुरतात. ओदेन या रश्श्यात पुष्कळदा गाईचे स्नायुबंध असतात आणि ग्योझा या करंजीसारख्या पदार्थात डुकराचा खिमा, म्हणून ते दोन्ही विचारून घ्या.

मग काय खावं? एदामामे. कीस न घालता तोफू: ‘कात्सुओबुशि नाशि दे’. त्यावर साधा सोया सॉस, दाशि मिसळलेला नको. टोमॅटो, मीठ लावलेली काकडी, बटाट्यावर लोणी (‘जागाबाता’), लोण्यातला मका, भाजून मीठ लावलेल्या गिन्को बिया म्हणजे ‘गिन्नान’, उन्हाळ्यात ‘सोरामामे’ शेंगा. काड्यांवरची शिइताके अळिंबी आणि ‘शिशितो’ मिरची. या भाज्या ‘शिओ दे’ म्हणून मिठाच्याच मागवा. तारेचं भांडं समाईक असतं, कोंबडीच्या काड्या त्यातच बुडवलेल्या असतात. शेवटी मिठाचा मुटका, ‘शिओ-मुसुबि’. जैन पद्धतीने खाणाऱ्यांना यातून बटाटा आणि अळिंबीही वगळावी लागेल, राहिलेल्यात मात्र कांदा-लसूण नाही.

शेगडी मात्र सामाईकच राहणार. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी निशि-कासाइसारख्या भारतीय वस्तीच्या भागात आधी जेवून यावं आणि इझाकायात शेंगा, चहा आणि गप्पांना बसावं. बाबांनी तेच केलं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी त्यांना शेंगेतला दाणा एका चिमटीत कसा उडवायचा ते दाखवलं, आणि भाषा येत नसताना दोघांचं अर्धा तास जमलं.

बिल आणि परत

गर्दीच्या दिवशी जागा दोन तासांपुरती मिळते, ती वेळ पाळा. शेवटची मागणी विचारायला येतात तेव्हा शिमे मागवून टाका. ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमास’ म्हटलं, किंवा दोन तर्जन्या एकमेकींवर फुली करून दाखवल्या, की बिल येतं. बहुधा ते दाराजवळच्या काउंटरवर भरावं लागतं. पैसे हातात न देता छोट्या ताटलीत ठेवायचे. गल्लीतल्या दुकानात रोख न्या, कार्ड चालेलच असं नाही. बसून खाल्लेल्यावर १० टक्के उपभोग कर असतो. एप्रिल २०२१ पासून करासह भाव छापणं बंधनकारक आहे, तरी मेनूवर दोन आकडे असतील तर मोठा आपला. रात्री दहानंतर काही दुकानं जादा आकार लावतात. साखळी दुकानात पिणाऱ्याचं माणशी २,५०० ते ४,००० येनमध्ये भागतं, न पिणाऱ्याचं पुष्कळ कमी.

टीप देऊ नका. विसरलेले सुटे पैसे समजून मुलगा रस्त्यावर धावत परत द्यायला येतो. उरलेलं अन्न बांधून मागू नका, विषबाधेच्या भीतीने बहुतेक दुकानं देत नाहीत. मित्रांत बिल सारखं वाटतात, त्याला ‘वारिकान’ म्हणतात. न पिणाऱ्याकडून कमी घ्यावेत हे आपणच सुचवावं, त्याला मागायला लावू नये.

पिऊन गाडी चालवणं गुन्हा आहेच, चालवणाऱ्याला दारू देणारा आणि त्याच्या गाडीत बसणाराही दोषी ठरतो. नोव्हेंबर २०२४ पासून थोडी पिऊन सायकल चालवली तरी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून सायकल घरीच ठेवा. आगगाड्या मध्यरात्रीच्या आसपास थांबतात आणि रात्रीची टॅक्सी महाग पडते, तेव्हा बसतानाच शेवटच्या गाडीची वेळ पाहून गजर लावा.

निघताना ओट्यामागच्या माणसाकडे पाहून ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा, छान खाऊ घातलंत या अर्थाने. हात निखाऱ्यावर असतानाही तो मान वर करून उत्तर देतो. मग बुटाच्या कपाटाची लाकडी किल्ली खिशातून काढा. चटईवर बसलेली निम्मी माणसं ती शोधायला परत आत जातात.